जीपचे मूळ रूप

जुन्या वस्तूंचे पुढे काय करायचे, हा प्रश्न आमच्या वयाच्या माणसांच्या घरात वरचेवर निघतो. पितळी घागरी, सागवानी झोपाळा, आजोबांचे लाकडी कपाट... दरवेळी घरात दोन तट पडतात. आमच्याकडे यंदा हे तट पडले ते एका जीपवरून.

जीप माझ्या थोरल्या भावाची, आप्पांची. आप्पा २०१९ मध्ये गेले. वारस म्हणून गाडी वहिनींच्या नावावर झाली (त्यासाठी आरटीओत एकतीस नंबरचा फॉर्म भरावा लागतो, हे मला तेव्हा कळले). तेव्हापासून ती एरंडोलजवळच्या आमच्या मळ्यात पत्र्याच्या शेडखाली उभी आहे. पुतण्या महिन्यातून एकदा ती चालू करतो, खळ्यात दोन चकरा मारतो आणि परत जागेवर लावतो. आता नोंदणीची पाच वर्षांची मुदत संपत आली आहे. पासिंगला न्यायची तर आधी काम काढावे लागणार. आणि काम काढायचे म्हटल्यावर प्रश्न आला, की कोणते काम?

पुतण्याचे म्हणणे असे, की खर्च करायचाच आहे तर गाडी आजच्या काळाला शोभेल अशी करू. रुंद टायर, पॉवर स्टेअरिंग, वर लोखंडी टप, आत चांगली सीटे, झाले तर एसी. त्याचा मुलगा, म्हणजे माझा नातू, पुण्याला चाकणकडे एका कारखान्यात इंजिनिअर आहे. त्याचे म्हणणे अगदी उलट. गाडी १९६८ ची आहे. तिला हात लावायचा तर ती १९६८ साली कारखान्यातून निघाली तशीच झाली पाहिजे. तोच रंग, तेच पेट्रोल इंजिन, तसेच स्क्रूसुद्धा.

वहिनींनी दोघांचे ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "नानांना विचारा."

नाना म्हणजे मी. आता मी निवृत्त मास्तर. चौतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. इंजिनातले मला बेताचेच कळते. पण आमच्या घरात अशी समजूत आहे, की ज्या भांडणात दोन्ही बाजू खऱ्या वाटतात ते मास्तराकडे न्यावे. म्हणून गेले दोन महिने मी जीप या विषयाचा विद्यार्थी झालो आहे. त्यातून जे हाती लागले ते इथे लिहितो. तुमच्या घरी जीप नसेल, पण आजोबांचे एखादे कपाट तरी असेलच.

नातू मला आधी अमेरिकेत घेऊन गेला, मोबाइलवर. तिकडे 'मसल कार' नावाचा एक प्रकार आहे. मध्यम आकाराच्या साध्या गाडीत भलेमोठे इंजिन बसवायचे आणि ती तरुणांना परवडेल अशा किमतीत विकायची. १९६४ ची पाँटिॲक जीटीओ ही त्यातली पहिली, असे बहुतेक लोक मानतात. आपल्या भाषेत पैलवान गाडी म्हणा. आता या गाड्या साठीला आल्या आहेत आणि तिकडच्या घराघरांत आमच्यासारखेच भांडण चालू आहे. एक पक्ष म्हणतो, गाडी होती तशी करा. इंजिनावरचा नंबर आणि चेसीच्या नोंदी जुळल्या तर तिची किंमत मोठी. दुसरा पक्ष म्हणतो, अंग जुने ठेवा आणि आत नवे इंजिन, नवे ब्रेक, नवे स्टेअरिंग घाला, म्हणजे रोज चालवता येईल. याला त्यांनी 'रेस्टोमॉड' असे जोडनाव दिले आहे. हे ऐकून मला बरे वाटले. म्हणजे आम्हीच काही वेडे नाही.

आपल्या खानदेशात तसली गाडी कुठली? आपला पैलवान म्हणजे जीपच. शेंगाचे पोते, कपाशीचे गठुडे, बाळंतीण, नवरदेव, निवडणुकीचा भोंगा, सगळे तिने वाहिले.

तिचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १९४० साली अमेरिकन सैन्याला हलकी, चारही चाकांना ताकद पोचवणारी गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम नावाच्या लहानशा कंपनीने करून दिला. पण मोठी कामे गेली विलीज आणि फोर्ड यांच्याकडे. दुसरे महायुद्ध संपेपर्यंत अशा सहा लाखांहून जास्त गाड्या बनल्या. युद्धानंतर विलीजने शेतकऱ्यांसाठी, नागरिकांसाठी जीप काढली, तिला नाव दिले 'सीजे'. आपल्याकडे १९४५ मध्ये जगदीशचंद्र आणि कैलाशचंद्र महिंद्र हे दोघे भाऊ आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी मिळून 'महिंद्र अँड मोहम्मद' ही कंपनी काढली. फाळणीनंतर गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले. तिथे ते आधी अर्थमंत्री आणि पुढे गव्हर्नर जनरल झाले. इकडे १९४८ मध्ये कंपनीच्या नावातला 'मोहम्मद' जाऊन 'महिंद्र अँड महिंद्र' झाले. मुंबईत विलीजच्या जीपची जुळणी १९४७ मध्येच सुरू झाली होती. इतिहासाच्या तासाला फाळणी शिकवताना हे उदाहरण मला माहीत असते, तर मुलांच्या चांगले लक्षात राहिले असते.

आमची जीप सीजे-३बी या जातीची. अमेरिकेत ही १९५३ मध्ये निघाली. तिचे नवे इंजिन आधीच्यापेक्षा उंच होते. त्यात आत घेणारा व्हॉल्व्ह वर डोक्यात आणि धूर सोडणारा खाली ब्लॉकमध्ये. उंची वाढली म्हणून बॉनेट वर उचलावे लागले. त्यामुळे समोरून पाहिले तर या जीपचे कपाळ मोठे दिसते. इंजिन चार सिलिंडरचे, साधारण २,२०० सीसीचे. दोन चाकांमधले अंतर ऐंशी इंच. खाली पाटे, चारही चाकांना ड्रम ब्रेक, आणि ड्रायव्हरच्या पायाशी तीन दांडे. एक गिअरचा, एक पुढच्या चाकांना ताकद जोडण्याचा, एक चिखलातून काढताना लागणाऱ्या हळू गतीचा. आप्पा या तीन दांड्यांना ब्रह्मा-विष्णू-महेश म्हणत.

ही झाली कारखान्यातली जन्मकथा. आमच्याकडे ती आली १९७५ साली. तिचा पहिला मालक रस्त्याचा कंत्राटदार होता. १९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर तिने मुरूम आणि मजूर दोन्ही वाहिले. त्याने ती विकायला काढली तेव्हा मागचे फळकूट गेलेले होते आणि हूड फाटलेले. आप्पांनी कपाशीच्या पैशांत ती घेतली. वडील चार दिवस बोलले नाहीत.

बैलजोडीपेक्षा तिचा खर्च जास्त होता, हे वडिलांचे म्हणणे खोटे नव्हते. १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगभर तेलाचे भाव चौपट झाले होते. आपल्याकडे डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त. तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी जे केले तेच आप्पांनी १९८३ मध्ये केले. पेट्रोल इंजिन उतरवले आणि ट्रॅक्टरच्या कुळातले डिझेल इंजिन बसवले. त्यासाठी बॉनेटखाली दोन पट्ट्या जोडाव्या लागल्या, रेडिएटर पुढे सरकवावा लागला. आरसी बुकात तशी रीतसर नोंद करून घेतली. उतरवलेले इंजिन आप्पांनी भंगारात दिले नाही. ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून खळ्यातल्या खोलीत ठेवले. ते अजून तिथे आहे. नातवाने यंदा ते गोणपाट सोडले आणि आतला नंबर वाचून त्याचा चेहरा असा फुलला, की मला त्याचे बारसे आठवले.

डिझेल इंजिन आल्यावर जीप खरी चालायला लागली. माझी नोकरी तेव्हा तालुक्यातल्या एका खेड्यात होती. स्कॉलरशिपच्या परीक्षेला चौदा मुले एरंडोलच्या केंद्रावर न्यायची, तर एसटीच्या भरवशावर राहता येत नसे. आप्पा पहाटे जीप घेऊन येत. अंगारकीला पद्मालयाच्या चढावर दोन-तीन फेऱ्या होत. कुणाला रात्री जळगावला दवाखान्यात न्यायचे तर खळ्याचे दार वाजे. इंजिनाचा आवाज एवढा, की मागे बसलेल्यांना धीर देण्यासाठी ओरडून बोलावे लागे. तरी माणसे पोचत.

आणि एक पायरी. १९८६ च्या सुमारास मायचे गुडघे दुखायला लागले. जीप उंच, तिला चढता येईना. आप्पांनी बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव लोहाराकडे नेली आणि तिची एक पायरी करून डाव्या बाजूला वेल्डिंगने जोडली. पायरी जरा तिरपी आहे, कारण मायचा उजवा पाय आधी पडायचा. आजही ती तिथे आहे. मधोमध घासून चकचकीत झालेली आणि कडांना गंजलेली.

एवढे सांगितल्यावर आता दोन्ही पक्ष तपासू.

पुतण्याची बाजू आधी घेतो, कारण तिला 'हौस' म्हणून उडवून लावणे सोपे आहे. पण तो म्हणतो त्यात तथ्य आहे. पूर्वी ज्या रस्त्याने आप्पा ताशी चाळीसने जात, तो राष्ट्रीय महामार्ग. तेव्हा त्याचा नंबर सहा होता, आता त्रेपन्न आहे. आता तो चौपदरी झाला आहे आणि शेजारून ट्रेलर सुसाट जातात. जीपला ना पट्टे, ना दारे. जड स्टेअरिंग फिरवायला आप्पांचे दंड हवेत. गाडी कुणी चालवलीच नाही तर ती राखून उपयोग काय, असा त्याचा सवाल आहे. तो मला पटतो.

पण त्याच्या यादीतल्या काही गोष्टी गाडीच्या प्रकृतीला मानवणाऱ्या नाहीत. हे मला आमच्या जुन्या मिस्त्रीने समजावून सांगितले. टायर रुंद आणि मोठे केले की चाक जड होते. तो भार बेअरिंगवर आणि पुढच्या किंगपिनवर येतो. मोठे चाक थांबवायला जास्त जोर लागतो, पण ब्रेक तेच जुने ड्रमचे. गाडी वर उचलली की दिसायला रुबाबदार होते, पण ऐंशी इंचांची आखूड गाडी उंच झाली की वळणावर पलटायला वेळ लागत नाही. म्हणजे एक गोष्ट बदलली की तिच्यामागे पाच बदलाव्या लागतात. त्या पाचांनंतर मूळ जीपपैकी नंबरप्लेटच उरते.

शिवाय कायदा आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, की कारखान्याने ठरवलेल्या आणि नोंदणीत लिहिलेल्या तपशिलांत मालकाने परस्पर बदल करायचा नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावून सांगितले. रस्त्यावर मोठमोठ्या टायरच्या जिपा दिसतात म्हणून ते कायदेशीर ठरत नाही. अपघात झाला आणि विमा कंपनीने बोट ठेवले, तर उत्तर द्यायला वहिनींना जावे लागेल.

आता नातवाची बाजू. त्याच्याबद्दल मला विशेष माया वाटली, हे कबूल करतो. जुने जसेच्या तसे राखावे असे म्हणणारा तरुण आमच्या धंद्यातल्या माणसाला आवडणारच. त्याने हिशेब काढला होता. पेट्रोल इंजिनाचे पूर्ण काम, पत्र्याचे काम, रंग, मिळतील ते जुने भाग, न मिळतील ते घडवून घेणे, सगळे मिळून पाच लाखांच्या घरात. वर डिझेल इंजिन काढायचे, बॉनेटखालच्या पट्ट्या कापायच्या आणि मायची पायरी घासून टाकायची. "ती ओरिजिनल नाही ना, नाना," तो म्हणाला. त्याच्या बोलण्यात उद्धटपणा मुळीच नव्हता.

त्याने आणखी एक माहिती काढली होती. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम काढले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे झालेली दुचाकी किंवा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. नंबरात 'व्हीए' अशी अक्षरे येतात, नोंदणीची फी वीस हजार, दहा वर्षांनी नूतनीकरणाला पाच हजार. अट अशी, की गाडी मूळ रूपात असावी. चेसी, सांगाडा, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. आमच्या जीपचे वय बसत होते, पण डिझेल इंजिन आडवे येत होते. म्हणून ते काढायचे.

मी तो नियम पुढे वाचला. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन आणि त्यासाठी लागणारे इंधन भरणे, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. नियम रास्तच आहे. राजेरजवाड्यांच्या गाड्यांसाठी उत्तम आहे. पण आमची जीप त्यात बसवायची म्हणजे तिला सांगायचे, की बाई, आता तू कुणाला बसवून न्यायचे नाहीस. पाच लाख खर्चून तिचे मूळ रूप परत आणायचे आणि मूळ काम काढून घ्यायचे.

इथे मला माझा विषय आठवला.

ज्ञानेश्वरी लिहिली गेली शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९०. पुढे तीनशे वर्षांत हाती नकला होता होता तिच्यात पाठभेद शिरले. कुणी शब्द सोपे केले, कुणी आपल्या ओव्या घातल्या. शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, एकनाथांनी प्रती ताडून पाहिल्या आणि शुद्ध प्रत तयार केली. यात पुढे कुणी स्वतःच्या ओव्या घालू नयेत, अशी ताकीदही त्यांनी दिली. म्हणजे एकनाथ हे आमच्या नातवाच्या पक्षाचे. पण गंमत पुढे आहे. १९०९ साली इतिहासाचार्य राजवाड्यांनी एक जुनी पोथी छापली. ती एकनाथांच्याही आधीची, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणजे ज्याला आपण शुद्ध म्हणत होतो त्याच्याही मागे आणखी एक 'मूळ' निघाले. त्या पोथीवरही पुढे विद्वानांत वाद झाले. (राजवाडे १९२६ च्या अखेरीस धुळ्यात वारले. तिथले राजवाडे संशोधन मंडळ आपल्या खानदेशातच आहे, कधी गेला नसाल तर जरूर जा.) आणि एवढे होऊनही वारकऱ्यांनी पारायण केले ते आपल्या हातातल्या प्रतीचे. शेकडो वर्षे माणसे जी ओवी म्हणत आली, ती पोथीत उशिरा आली म्हणून त्यांच्यासाठी ती खोटी होती का?

मूळ रूप, मूळ रूप म्हणतो आपण, पण कोणत्या दिवसाचे? १९६८ साली कारखान्यातून निघाली त्या दिवसाचे? ती गाडी आमच्या घरातल्या कुणीच पाहिलेली नाही. १९७५ साली फाटक्या हुडासकट खळ्यात आली त्या दिवसाचे? १९८३ चे? की आप्पांनी शेवटचे चालवली त्या दिवसाचे? पूर्वस्थितीला न्यायचे म्हटले की आधी एक तारीख निवडावी लागते. आणि तारीख निवडली, की तिच्यानंतरचे सगळे खोडावे लागते. नातवाने १९६८ निवडले, कारण कागद त्या सालाचे मिळतात. पुतण्याने आजचा दिवस निवडला. मधली पन्नास वर्षे दोघांनीही सोडली होती, आणि आमची जीप तर त्या पन्नास वर्षांतच आहे.

दुसरे उदाहरण आपल्या दाराशीच आहे. अजिंठा जळगावहून साठ किलोमीटरवर. १९२० च्या सुमारास निजाम सरकारने तिथली चित्रे वाचवण्यासाठी इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी या दोन जाणकारांना बोलावले. त्यांनी सुटू लागलेला गिलावा पक्का केला, ते मोठे काम झाले. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे रोगणही दिले. तेव्हा ती रीत मान्यच होती. पुढे ते रोगण पिवळे, काळपट पडले, त्यावर धूळ बसली आणि मूळ रंग झाकले गेले. ते काढण्यात पुरातत्त्व खात्याच्या रसायनतज्ज्ञांची पुढे कित्येक वर्षे गेली. त्या दोघांच्या हेतूत किंवा ज्ञानात खोट होती असे नाही. आज आपल्याला जे उत्तम वाटते ते शंभर वर्षांनी कसे दिसेल, हे कुणालाच कळत नाही, एवढेच. म्हणून आता या क्षेत्रातले लोक एक साधा नियम पाळतात. जे कराल ते पुढे कुणाला काढता आले पाहिजे. आणि मूळ कसे होते हे नक्की ठाऊक नसेल, तिथे अंदाजाने काही करू नका, थांबा. १९६४ च्या व्हेनिस सनदेत हे थांबण्याचे कलम स्पष्ट लिहिले आहे.

हा नियम मी मिस्त्रीला सांगितला. तो म्हणाला, "म्हणजे नटबोल्टने जोडा, वेल्डिंग करू नका. एवढंच ना गुरुजी?" चाळीस वर्षांचा अनुभव असा एका वाक्यात येतो.

मग रविवारी मळ्यात सगळे बसलो. मी दोघांनाही एकच प्रश्न विचारला. ही गाडी पुढच्या दहा वर्षांत काय काम करणार आहे? पुतण्या म्हणाला, मळ्यात ये-जा, सणावाराला पद्मालय, घरातल्या लग्नात वरात. नातू जरा वेळाने म्हणाला, "मलाही चालवायचीच आहे. शोकेसमध्ये नको." म्हणजे काम दोघांचे एकच होते. भांडण तारखेवरून होते.

पायरीचा विषय निघाला तेव्हा मी काही बोलणार, एवढ्यात वहिनी म्हणाल्या, "ती मन्ही सासूनी पायरी शे." आणि थोड्या वेळाने, "आते मन्हीबी शे." वहिनी अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. सासूच्या गुडघ्यांसाठी केलेल्या पायरीवरून आता त्या चढतात. हा मुद्दा माझ्या दोन महिन्यांच्या अभ्यासात कुठेही नव्हता.

ठरले ते असे. डिझेल इंजिन राहील. आरसी बुकात त्याची नोंद आहे आणि तीस-पस्तीस वर्षे जीप त्याच्यावरच चालली आहे. ब्रेक, स्टेअरिंगचे सांधे, किंगपिन, सगळी वायरिंग आणि टायर नवे, पण मूळ मापाचे. सुरक्षेत जुनेपणाचा हट्ट नाही. सीटचे पट्टे बसवायचे, चेसीच्या असलेल्या भोकांत बोल्टने. पत्र्यावरचा गंज खरवडून रेड ऑक्साइड मारायचा आणि जिथे रंग धड आहे तिथे त्याला हात लावायचा नाही. आप्पांच्या कोपराने दाराच्या कडेचा रंग गेला आहे, तो तसाच. टप लोखंडी नाही, ताडपत्रीचे नवे हूड. एसी अर्थातच नाही. पॉवर स्टेअरिंगही नाही, त्यावर पुतण्या अजून नाराज आहे आणि त्याच्या खांद्यांकडे पाहता त्याची नाराजी मला समजते. पेट्रोल इंजिन नातवाने वेळ मिळेल तसे खळ्यातच खोलून साफ करायचे आणि स्टँडवर ठेवायचे. उद्या कुणाला १९६८ हवेच असेल, तर ते तिथे आहे. आपण ती वाट बंद केलेली नाही.

खर्चाचा अंदाज पाच लाखांवरून सव्वा लाखावर आला. उरलेल्या पैशांत घराच्या गच्चीची गळती काढायची, असे वहिनींनी लगेच जाहीर केले. पासिंगची फी मात्र चुकत नाही. २०२२ पासून जुन्या गाड्यांच्या नूतनीकरणाची फी बरीच वाढली आहे आणि पर्यावरण कर वेगळा. त्यावर आम्ही कुणीच तक्रार केली नाही. डिझेलचा धूर आपण सोडतो, तेव्हा तेवढे द्यायलाच हवे. घरातली नवी गाडी घेताना विजेची घ्यावी, असेही नातू म्हणून गेला.

एक काम माझ्याकडे आले आहे. जीपची वही लिहायची. कोणत्या साली काय बदलले, कुणी बदलले, का बदलले. १९७५ चे फळकूट, १९८३ चे इंजिन, १९८६ ची पायरी, यंदाचे ब्रेक. पोथीच्या समासात टिपा असतात तशा. वहीत शेवटची बरीच पाने मी कोरी सोडली आहेत. मिस्त्री म्हणतो दिवाळीपर्यंत काम होईल. त्याचा आजवरचा हिशेब पाहता संक्रांत धरून चाला, असे मी वहिनींना सांगून ठेवले आहे.